प्रिंट लाल मारतेय, काय करू?

घरी फोटो छापणाऱ्यांनी रंगाबद्दल काय ते विचारावं, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त जणांचं दुखणं एकच निघालं: स्क्रीनवर फोटो झकास, कागदावर काळपट. म्हणून चिपळूणच्या पत्राला जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं, बऱ्याच जणांचं काम तिथेच होईल. नावं छापत नाही, गावं छापते.

चिपळूण : ताई, सप्रेम नमस्कार. मुलीच्या लग्नाचे फोटो भाच्याने काढले. मी ते लॅपटॉपवर लाइटरूममध्ये एडिट करतो आणि फोटोशॉपमधून सहा रंगांच्या इंकटँक प्रिंटरवर छापतो. फोटोशॉपमध्ये प्रिंटरचं प्रोफाइल निवडतो, ड्रायव्हरमध्ये 'व्हिव्हिड' ठेवतो. कागद गावातल्या दुकानातला, २३० जीएसएम ग्लॉसी. प्रिंट काळपट येते आणि सगळ्यांचे चेहरे लाल मारतात. प्रत्येक फोटो उजळ करून, लाल कमी करून पुन्हा छापतोय. शाई संपत आली, फोटो संपेनात. प्रिंटर बदलू का?

प्रिंटर बदलू नका. आणि एकेक फोटो उजळ करत बसणं आजपासून बंद करा. फोटोला काही झालेलं नाही. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत: काळपटपणा लॅपटॉपचा आहे, लाली सेटिंगची.

आधी काळपटपणा. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर साधारण २५० ते ३०० निट्स (निट हे उजेडाचं माप) उजेड फेकते, काही तर त्याहून जास्त. छपाईसाठी एडिट करताना तो ८० ते १२०च्या आसपास हवा. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, त्याच्यावर पडेल तेवढाच तो परत देतो. भगभगीत स्क्रीनवर तुम्हाला फोटो 'बरोबर' दिसला, याचा अर्थ फाइलमध्ये तो मुळात काळोखा राहिला आहे. प्रिंटरने तो जसा होता तसा छापला.

यावर उजेड मोजायचा मीटर नसतानाही करता येण्यासारखा उपाय आहे. फोटोशॉपमध्ये कोरं पांढरं डॉक्युमेंट स्क्रीनभर उघडा. ज्या कागदावर छापणार त्याचाच एक कोरा तुकडा स्क्रीनच्या शेजारी धरा, आणि ज्या उजेडात प्रिंट बघणार तोच उजेड त्या तुकड्यावर पडू द्या. आता कागद आणि स्क्रीन सारखेच पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पट्टी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरीच खाली जाईल. सुरुवातीला स्क्रीन मेल्यासारखी वाटते, थोड्या वेळात डोळे सरावतात. तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा आणि एडिटिंग कायम त्याच ब्राइटनेसवर करा. ऑटो ब्राइटनेस बंद. विंडोजची नाइट लाइट बंद, मॅक असेल तर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन दोन्ही बंद, कारण ही सगळी सोंगं वेळेप्रमाणे नाहीतर उजेडाप्रमाणे स्क्रीन बदलत राहतात. खोलीही जरा बघा. पोपटी भिंतीवरून आलेला उजेड डोळ्यांना फसवतो, आणि कोकणात पोपटी भिंती काही कमी नाहीत.

हे झालं की तेच लग्नाचे फोटो पुन्हा उघडा. आता ते स्क्रीनवरही काळपट दिसतील, तुमच्या प्रिंटसारखेच. म्हणजे स्क्रीन खरं बोलायला लागली. हिस्टोग्रामही बघा, म्हणजे फोटोत काळोखे भाग किती आणि उजळ किती हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख. सगळा डोंगर डावीकडे सरकलेला असेल तर फोटो काळोखा आहे, मग डोळ्याला काहीही वाटो.

आता लाली. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात तिचं कारण आहे: फोटोशॉपमध्ये प्रोफाइल आणि ड्रायव्हरमध्ये 'व्हिव्हिड'. प्रोफाइल म्हणजे अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद मिळून कोणत्या आकड्याला कोणता रंग देतात याची नोंद असलेली फाइल. ती वाचून फोटोशॉप रंग एकदा बदलतं. मग ड्रायव्हर तेच रंग आपल्या पद्धतीने पुन्हा बदलतो. आमच्या फोटो लॅबमध्ये मशीनला सायन (आकाशी), मजेंटा (गडद गुलाबी), यलो आणि डेन्सिटी (गडदपणा) अशी चार बटणं होती. सकाळच्या ऑपरेटरने मजेंटा कमी केला आणि दुपारच्याने न विचारता पुन्हा कमी केला, की अख्खी वरात हिरवी. तुमच्याकडे दोन ऑपरेटर आहेत. एकाला घरी पाठवा.

फोटोशॉपला ठेवायचं असेल तर प्रिंटच्या खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' ठेवा आणि ड्रायव्हरमधलं रंगाचं सगळं बंद करा. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन 'कस्टम' करून आत 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' मिळतं. कॅननमध्ये कलर/इंटेन्सिटी 'मॅन्युअल' करून मॅचिंगच्या टॅबवर 'नन' निवडायचं. ड्रायव्हरला ठेवायचं असेल तर फोटोशॉपमध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' करा आणि ड्रायव्हरमध्ये 'व्हिव्हिड' सोडून साधं 'स्टँडर्ड' घ्या.

तुम्हाला मी दुसरा मार्ग सुचवेन. फोटोशॉपवाले नाक मुरडतील, मुरडू देत. तुम्ही निवडता ते प्रोफाइल कंपनीच्या स्वतःच्या कागदासाठी बनवलेलं आहे, दुकानातल्या २३० जीएसएमसाठी नव्हे. परक्या कागदाचं प्रोफाइल लावून काटेकोरपणाचा नुसता आव येतो, रंग येत नाही.

त्यापेक्षा एक संध्याकाळ कागदाची जात ओळखण्यात घालवा. ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप बदलला की शाई किती सोडायची हे बदलतं. तोच छोटा फोटो ४ बाय ६ वर 'ग्लॉसी', 'प्रीमियम ग्लॉसी', 'सेमीग्लॉस' असा वेगवेगळ्या सेटिंगने छापा आणि मागे पेन्सिलीने सेटिंग लिहा. काळा गच्च आला, पण शाई साचून चट्टे पडले नाहीत, ते सेटिंग त्या कागदाचं. पाकिटावर लिहून टाका. दुसऱ्या ब्रँडचा कागद आणला की पुन्हा पहिल्यापासून.

पण या सगळ्याच्या आधी नोझल चेक काढा, म्हणजे शाईची सगळी छिद्रं मोकळी आहेत का हे दाखवणारी रेघांची प्रिंट, दोन मिनिटांचं काम आहे. सहा रंगांच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये लाइट सायन आणि लाइट मजेंटा या दोन फिक्या शाया असतात, आणि चेहऱ्याचे उजळ भाग बरेचसे त्यांच्यावरच चालतात. लाइट सायनच्या रेघा तुटक आल्या तर चेहरे लालच होणार, लाइट मजेंटाच्या आल्या तर हिरवट. हेड क्लीनिंग न करता फोटोतला लाल कमी करत बसाल तर उद्या नोझल मोकळं झाल्यावर सगळं काम उलटं होईल. टाकीत दुकानातली सुटी शाई भरली असेल तर तेही लक्षात ठेवा. ड्रायव्हर मूळ शाई धरूनच हिशेब करतो.

चाचणीसाठी कोणता फोटो घ्यायचा, तेही सांगते. चेहऱ्याचा क्लोजअप नको. लग्नातल्या चेहऱ्यांना हळद लागलेली असते, वर मेकअप, वर मांडवाच्या कापडाची झाक. असा चेहरा मुळात कसा होता हे कुणालाच सांगता येत नाही. ज्यात नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही सावलीत गेलेली आहे, असा फोटो शोधा. शेजारी मुंडावळ्या असतील तर उत्तम. प्रिंट खिडकीपाशी नेऊन बाहीच्या चुण्या बघा. त्या करड्या दिसल्या पाहिजेत. चुण्यांत गुलाबी दिसला तर प्रिंट लाल मारतेय, शेवाळी दिसला तर हिरवी. मोत्यांवरही तीच झाक दिसली तर खात्रीच. पांढऱ्या-करड्यावर डोळा लबाडी पटकन पकडतो, लाल शालूवर कधीच पकडत नाही.

एवढं करूनही सगळ्या प्रिंट सारख्याच किंचित काळपट आल्या, तर फोटोंना हात लावू नका. लाइटरूमच्या प्रिंट मॉड्यूलमध्ये 'प्रिंट अ‍ॅडजस्टमेंट' नावाची सोय आहे, तिथे ब्राइटनेस थोडा वाढवा. स्क्रीनवर काही बदललेलं दिसणार नाही, फक्त प्रिंट उजळ होईल, आणि मूळ एडिट जसं आहे तसं राहील.

सातारा : कास पठारावर सप्टेंबरमध्ये काढलेला सीतेच्या आसवांच्या फुलांचा गालिचा छापायचा आहे. स्क्रीन कॅलिब्रेट केलेली, कागद कंपनीचा, प्रोफाइलही त्याच कागदाचं, ड्रायव्हरमधला रंग बंद. फाइल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये. तरी निळा-जांभळा मळकट आणि सपाट येतो. सोबत प्रिंट जोडली आहे. माझं काय चुकतंय?

काही चुकत नाही. एवढं नीटनेटकं काम क्वचित बघायला मिळतं, म्हणून तुमची प्रिंट मी निवांत पाहिली. गवत सुंदर आलंय, ढगांची सावलीही. फक्त फुलांच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून एकच जांभळा डाग झालाय.

स्क्रीनला निळा दाखवायला निळा उजेडच असतो. प्रिंटर निळा करतो तो सायनवर मजेंटा टाकून, आणि या दोन्ही शाया मिळून बराच उजेड गिळतात. त्यामुळे उजळ आणि तरीही भडक निळा-जांभळा शाईला झेपतच नाही. अ‍ॅडोबी आरजीबी ही फाइलमध्ये कोणते रंग मावतील ते ठरवणारी चौकट आहे, पण ती इथे मदतीला येत नाही. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये पुढे आणलेलं एसआरजीबी आणि १९९८चं अ‍ॅडोबी आरजीबी यांत लाल आणि निळ्याची टोकं अगदी तीच आहेत. वाढलं आहे ते हिरव्याचं टोक. म्हणजे तुम्हाला फायदा झाला तर गवताला आणि हिरवट निळ्याला होईल, आसवांना नाही.

मग करायचं काय? लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये 'एस' दाबून सॉफ्ट प्रूफिंग (प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय) चालू करा, तुमच्या कागदाचं प्रोफाइल निवडा आणि हिस्टोग्रामच्या उजव्या कोपऱ्यातल्या खुणेवर क्लिक करा. छापता न येणारा भाग लाल होऊन दिसेल. तुमचा निम्मा गालिचा लाल होणार, त्याने घाबरू नका. आता 'रिलेटिव्ह' ऐवजी 'परसेप्च्युअल' निवडा. रिलेटिव्ह जे रंग बसतात ते तसेच ठेवतं आणि न बसणारे सगळे कडेला नेऊन चिकटवतं, म्हणून तुमच्या पाकळ्या एक झाल्या. परसेप्च्युअल सगळ्यांनाच थोडं आत सरकवतं. झगमगाट कमी होतो, पण पाकळी पाकळीपासून वेगळी राहते. तुमच्या या फोटोत मला झगमगाटापेक्षा तेच महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर प्रूफ कॉपीवर फक्त पर्पल आणि ब्लूचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, लाल भाग विरळ होईपर्यंत, पार नाहीसा होईपर्यंत नव्हे. आणि एक चलाखी करा: गवताचा पिवळा-हिरवा जरा शांत करा. शेजारचा रंग दबला की जांभळा न वाढवता वाढल्यासारखा वाटतो. कागद ग्लॉसी किंवा लस्टरच घ्या. मॅटवर काळा उथळ येतो आणि असले रंग आणखी दबतात.

(चिपळूणकर, तुमची पैठणीही जांभळी असेल तर हे तुम्हालाही लागू. जरीची मात्र आशा सोडा. जर चकाकते, शाई चकाकत नाही. कागदावर जर म्हणजे पिवळा, तपकिरी आणि मधेमधे कोरा कागद, बस.)

कोल्हापूर : आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करून साफ केला आणि चार रंगांच्या प्रिंटरवर ग्लॉसीवर छापला. हॉलमधल्या दिव्याखाली हिरवट दिसतो, गच्चीत नेला की गुलाबी. दोन्ही वेळा प्रिंट तीच! हा काय प्रकार?

वेगवेगळ्या शाया मिसळून केलेला करडा एका उजेडात एक दिसतो, दुसऱ्यात दुसरा. त्याला मेटॅमेरिझम म्हणतात. रंगीत फोटोत तो खपून जातो, कृष्णधवलमध्ये लगेच उघडा पडतो. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असू शकते. चार रंगांच्या बऱ्याच इंकटँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची असते, साध्या कागदावरच्या मजकुरासाठी. फोटो पेपर निवडला की ती वापरलीच जात नाही, आणि काळा बनतो सायन, मजेंटा, यलो मिळून. म्हणून तो धड काळा नसतो. काहीजण यावर तोड म्हणून सेटिंगमध्ये 'प्लेन पेपर' निवडून ग्लॉसीवर छापतात. तसं करू नका. पिगमेंट वर तरंगत राहतं आणि बोट लागलं की आजोबांची मिशी गालावर येते.

आधी फाइल खरोखर करडी आहे ना ते बघा. स्कॅनमधली पिवळट झाक पुष्कळदा तशीच राहून गेलेली असते. मग एक सोपा मार्ग आहे: करडा अगदी तटस्थ ठेवण्याचा हट्ट सोडा आणि संपूर्ण फोटोला हलकी ऊबदार तपकिरी झाक मुद्दाम द्या. उजेडाप्रमाणे होणारा फरक त्या झाकेत बराचसा लपतो. आणि आजोबांच्या काळातल्या प्रिंट्सना अशी झाक असायचीच, त्यामुळे वावगं दिसत नाही. भिंतीवर मोठा लावायचा असेल, तर करड्या शाया वेगळ्या असणारा पिगमेंट प्रिंटर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून छापून घ्या. एका फोटोसाठी तसा प्रिंटर विकत घेऊ नका.

नांदेड : मोबाइलवर फोटो इतका जिवंत दिसतो, आणि प्रिंट अगदी मेलेली. मोबाइलसारखी प्रिंट कशी काढायची?

नाही निघणार. मोबाइलचा पडदा हजार निट्सच्या वर जातो, त्यात 'व्हिव्हिड' मोड, त्यात एचडीआर. कागदाची ती कुवतच नाही. पडदा 'नॅचरल' मोडवर टाका, ब्राइटनेस निम्म्याहून खाली आणा आणि मग फोटो बघा. प्रिंट साधारण तशी येईल. आयफोन असेल तर फाइल डिस्प्ले पी३ या वेगळ्या रंगचौकटीत असते, छापण्याआधी एसआरजीबीमध्ये बदलून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापायला घेऊ नका. ज्याने काढला त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

डोंबिवली : स्क्रीन कॅलिब्रेट करायचं यंत्र घ्यावं का? नवरा म्हणतो पैसे वाया.

वर्षातून दोनदा अल्बम छापत असाल तर नवऱ्याचं ऐका. दर आठवड्याला छापत असाल तर त्याला हे उत्तर वाचायला देऊ नका.

स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं साधं यंत्र स्क्रीनपुरतं काम करतं. पुष्कळांना वाटतं ते लावलं की प्रिंटरही सुधारतो, तसं नाही. प्रिंटरच्या प्रोफाइलसाठी रंगीत चौकटींचा तक्ता छापून तो वेगळ्या यंत्राने मोजावा लागतो. तुमच्या भागातल्या फोटोग्राफी क्लबमध्ये कुणाकडे स्क्रीनचं यंत्र असेल तर ते मागून आणा. व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० निट्सच्या आसपास, एवढं लावून स्क्रीन मोजा. साध्या लॅपटॉपची स्क्रीन बहुधा निळसर निघते. तसं असेल तर आजवर तुम्ही नकळत सगळे फोटो पिवळे करत आला आहात.

बेळगाव : लॅबवाले एसआरजीबी जेपेग मागतात. मी अ‍ॅडोबी आरजीबीचा टिफ देऊ म्हटलं तर नको म्हणाले. लॅब हलकी आहे का?

लॅब शहाणी आहे. बहुतेक लॅबची मशीनं येणारी फाइल एसआरजीबी धरूनच चालतात. अ‍ॅडोबी आरजीबीची फाइल एसआरजीबी समजून छापली की चेहरे फिके आणि आजारी येतात, आणि मग भांडण ऑपरेटरशी होतं. मी काउंटरच्या त्या बाजूला उभी राहिलेली आहे. एडिट स्वतः केलेलं असेल तर 'नो करेक्शन' असं ऑर्डरवर स्पष्ट लिहा, नाहीतर मशीन आपल्या मनाने चेहरे उजळतं.

वेंगुर्ला : पावसाळ्यात काढलेली प्रिंट रात्री एक दिसते, सकाळी दुसरीच. चिकटही राहते. शाई खराब झाली असेल का?

शाई चांगली आहे, हवा ओली आहे. डाय शाईची (विरघळलेल्या रंगाची) प्रिंट वाळताना रंग किंचित बदलते, आणि तुमच्याकडच्या हवेत वाळायलाच वेळ लागतो. एक अख्खा दिवस जाऊ द्या, मग रंग ठरवा. तोवर ती प्लास्टिकच्या पाकिटात किंवा अल्बममध्ये घालू नका, आतला दमट वाफारा तिथेच कोंडून चट्टे पडतात. प्रिंट्स एकावर एक ठेवायच्याच असतील तर मधे साधा कोरा कागद घाला. फोटो पेपरचं उघडं पाकीट प्रिंटरवर ठेवून देऊ नका. उरलेले कागद मूळ पिशवीत घालून, तोंड बंद करून, सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात ठेवा. कागदाची कडा वळलेली दिसली तर तो प्रिंटरमध्ये घालूच नका, हेड घासून काळा फराटा येतो.

पुढच्या अंकात जुने अल्बम स्कॅन करण्याबद्दलचे प्रश्न घेते. पत्रात स्कॅनरचं मॉडेल आणि फोटो चकचकीत आहे की खडबडीत, एवढं नक्की लिहा.